खाटेवरून दिसणारी भिंत

"बाळ उशी घेतं का?" काकी विचारतात.

"नाही," सिस्टर सांगतात.

काकी उशी बाजूला सारतात आणि तीन नंबरच्या खाटेवर सपाट आडव्या होतात. आधी छताकडं बघतात, मग समोरच्या भिंतीकडं. त्यांचा भाचा खडू घेऊन भिंतीपाशी उभा आहे. "वर. आणखी वर. थांब. आता उजवीकडं सरक, तिथं ट्यूबलाइट चमकते." खडूची खूण होते. मग काकी उठतात आणि पायथ्याला डोकं करून पुन्हा निजतात. सलाइन लावलं की बाळाची बाजू बदलते, हे सिस्टरनी काल सांगितलेलं त्यांच्या लक्षात आहे. दुसरी खूण होते. या दोन खुणांमधला भिंतीचा तुकडा या खाटेवरच्या बाळाच्या नजरेत येतो. आजचं काम तिथून सुरू होणार आहे.

डहाणू तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयाचं हे पोषण पुनर्वसन केंद्र. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय. दहा खाटांपैकी सहांवर मुलं आहेत, उरलेल्या चार भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणल्या आहेत. इथं दाखल होणाऱ्या बहुतेक मुलांच्या दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळली की खूण लाल भागात येते, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी. आईला मुलासोबत साधारण दोन आठवडे मुक्काम करावा लागतो. सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल सावरू लागलं की एफ-१००. हे आकडे १०० मिलिलिटर दुधातल्या कॅलरींचे. सिस्टर माप मोजून वाटीत ओततात, आई वाटी-चमच्यानं पाजते, आणि किती प्यालं, किती उरलं, याची नोंद तक्त्यावर होते.

दोन आठवडे, दिवसरात्र, या आया आणि ही मुलं याच चार भिंती बघत असतात. आधी तिथं पिवळट पडलेला ऑइलपेंट होता, लसीकरणाचं वेळापत्रक होतं, आणि बरगड्या मोजता येतील अशा मुलाचा फोटो असलेलं कुपोषणाचं पोस्टर होतं. काम ठरलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी ते पोस्टर उतरवलं. "आई त्याच्याकडं बघत बसायची आणि स्वतःलाच बोल लावून घ्यायची," त्या म्हणतात. "ती इथं आली हेच तिनं केलेलं मोठं काम आहे. तिला भिंतीनं का रागवायचं?"

चित्रं ही इथं हौस नाही. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचाराच्या दहा पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिल्या आहेत. रक्तातली साखर सांभाळणं, अंगातली ऊब टिकवणं, शुष्कता दूर करणं, जंतुसंसर्गावर औषध देणं अशा क्रमानं त्या जातात. नववी पायरी आहे मुलाच्या मनाला आणि इंद्रियांना चालना देण्याची: बोलणं, खेळणं, माया करणं, आनंदी वातावरण, आणि रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून घेतलेला खेळ. भुकेनं खंगलेलं मूल मलूल होतं. त्याला कशाचीच उत्सुकता उरत नाही. शरीराला दूध मिळालं तरी मनाला बाहेर बोलवावं लागतं. डॉक्टर मॅडमना ही नववी पायरी कागदावर राहू द्यायची नाही, म्हणून वारली चित्रं काढणाऱ्या या काकी इथं आल्या आहेत.

भाचा रंग कालवायला घेतो. घरच्या भिंतीवर चित्र काढायचं तर कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. यातलं काहीच इथं चालणार नाही. या भिंती रोज जंतुनाशकानं पुसल्या जातात आणि शेण-पिठाला रुग्णालयात मज्जाव आहे. म्हणून पाण्यात कालवायचा, उग्र वास नसलेला अ‍ॅक्रिलिक रंग आणलाय. ओल धरलेली पश्चिमेची भिंत सोडून दिली आहे. जमिनीपासून चार फूट टाइल्स आहेत, त्यांवर रंग धरत नाही. रांगत्या मुलांसाठी खालच्या उंचीवर चित्रं हवीत, तर ती काकींनी घरी प्लायच्या फळ्यांवर काढून वर पारदर्शक लेप दिला आहे. तपासणीच्या टेबलामागची भिंत मात्र पांढरीच राहणार, ही डॉक्टरांची अट. बाळाचा फिकेपणा आणि कावीळ पांढऱ्यापुढं नीट ओळखता येते. काकींनी ती एका शब्दात मान्य केली. त्यांची स्वतःचीही एक अट होती: हातात इंजेक्शन घेतलेला डॉक्टर काढणार नाही.

काडीचं टोक चावून त्यांनी कुंचला केलाय. रंग अ‍ॅक्रिलिकचा असला तरी हात या बांबूच्या काडीचाच आहे. एक त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा त्रिकोण, वर गोल डोकं, आणि माणूस उभा राहतो. एक आडवी रेघ, आणि तो वाकून काम करू लागतो. मी इतकी जवळ उभी आहे की काडी भिंतीवर टेकते तेव्हा होणारी बारीक खरखर ऐकू येते. काकी रेघ मागं खेचत नाहीत, पुढं ढकलतात, आणि रेघ संपेपर्यंत श्वास धरतात.

हे काम त्या आईकडून शिकल्या. लग्नघरात चौक लिहायचा मान सवाष्णींचा. चौकात पालघाट देवी, बाहेर साखळीची नक्षी, आणि धवलेरीनं गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग हाती दिले, आणि याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांच्या या कलेत स्वतःचं जग उभं केलं. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्रं देशोदेशींच्या दालनांत गेली, पिशव्यांवर आणि कपांवरही गेली. मी काकींना विचारते, इथं चौक लिहिणार का? त्या काडी खाली ठेवतात. "चौक लग्नाचा. देवीला बोलवावं लागतं, मग तिचं सगळं करावं लागतं. इथं आजारी लेकरं आहेत. इथं आपलं रोजचं लिहायचं." आपल्या कलेतलं काय कुठं शोभतं आणि काय कुठं नेऊ नये, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. स्थानिक कलाकाराला बोलवायचं ते याच जाणतेपणासाठी. रंगवलेली भिंत तर छापील स्टिकर चिकटवूनही मिळते.

अकराचं दूध येतं. पाच नंबरच्या खाटेवर दीड वर्षाची मुलगी आहे, तिच्यासोबत आई आणि आजी. मुलगी चमचा ओठाशी आला की तोंड फिरवते. आजी तिला मांडीवर घेऊन कालच पूर्ण झालेल्या चित्राकडं वळवते. तिथं कोंबडी आहे, मागं पिलांची रांग, आणि एक पिलू रांग सोडून टोपलीखाली लपलंय. काकींनी प्रत्येक चित्रात हे पिलू कुठं ना कुठं लपवून ठेवलंय. "पिलू कुठं गेलं गं?" आजी विचारते. मुलगी हलत नाही. आजी पुन्हा विचारते, मग स्वतःच बोट दाखवते, टोपली, शेपूट, चोच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलीचे डोळे टोपलीकडं जातात. फक्त डोळे. आईचा चमचा तेवढ्यात आत जातो. सिस्टर तक्त्यावर दुधाचा आकडा लिहितात आणि खाली एक ओळ जोडतात: चित्राकडे बघते.

ही ओळ मला महत्त्वाची वाटते, म्हणून तिचा अर्थ फुगवून सांगत नाही. वजन दुधानं वाढतं, संसर्ग प्रतिजैविकानं हटतो. चित्र त्यांची जागा घेत नाही. पण माणूस निजून काय बघतो याचा बरं होण्याशी संबंध असतो, हे मोजून दाखवलेलं आहे. रॉजर उलरिक या संशोधकानं अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १८५९ साली, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात रंग, आकार आणि नजरेसमोरचा बदल यांचा रुग्णाच्या शरीरावरही परिणाम होतो, असं ठामपणे मांडलं होतं. या खोलीच्या खिडकीतून जनरेटरची शेड दिसते. इथं झाड भिंतीवरच उगवावं लागणार.

दुपारी एक अडचण उभी राहते. सात नंबरची आई चित्राकडं पाठ करून बसली आहे. तिच्या खाटेसमोर काकींनी भाताची लावणी काढली आहे, वाकलेल्या बायांची लांब ओळ. आहारतज्ज्ञ ताई तिच्याशी बोलायला बसतात, तेव्हा कळतं. तिची लावणी राहिली आहे, घरी दोन मुलं सासूकडं आहेत, आणि भिंतीकडं बघितलं की जीव घरी धावतो. मुक्कामाच्या दिवसांची बुडीत मजुरी मिळते, हे तिला ठाऊक आहे. पण रान तिची वाट बघत थांबत नाही. ताई तिच्या घरी आशाताईंकडून निरोप पाठवायचं कबूल करतात. काकी सगळं ऐकतात. मग भाच्याला पांढऱ्या पट्ट्यावर गेरूच्या रंगाचा हात द्यायला सांगतात. लावणी तिथून जाणार, दाराबाहेरच्या भिंतीवर. त्या आईलाच त्या विचारतात, इथं काय लिहू? ती बराच वेळ बोलत नाही. मग म्हणते, "चूल. सांजची. सगळी घरात आलेली."

ओळखीचं जग भिंतीवर आलं की धीर येतो, हे खरं. तेच जग कुणाला टोचूही शकतं. ते फक्त विचारल्यावर कळतं, आणि विचारायचं तर चित्रकार चार दिवस त्या खोलीत असावा लागतो.

आणखी एक आई कातकरी आहे. भिंतीवरचा तारपा नाच तिला ओळखीचा, पण तो आपला वाटत नाही. ती काकींच्या मागं उभी राहून बघते आणि शेवटी विचारते, "आमचं काय?" काकी हसतात, बाजूला सरकून तिला जागा देतात. दोघी भिंतीपुढं उभ्या राहतात. ती बाई ओढ्यात खेकडे कसे धरतात ते हातांनी करून दाखवते: दगड कसा उचलायचा, बोटं कुठं ठेवायची. काकी खडूनं आधी ओढा काढतात. खेकड्याच्या नांग्या चुकतात, ती बाई पुसायला लावते. दुसऱ्यांदा जमतात. पालघर जिल्ह्यात वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी, कातकरी आहेत. या खोलीत सगळ्यांची लेकरं येतात. काकींची रेघ वारलीच राहते, तिच्यात जागा सगळ्यांना होते.

खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात काम गेल्या आठवड्यात संपलंय. तिथं मुंग्यांची एक रांग दाणे घेऊन बाह्यरुग्ण विभागापासून औषधाच्या खिडकीपर्यंत जाते. मासोळ्यांची दुसरी रांग रक्त तपासणीच्या खोलीकडं वळते. पाट्या आहेतच, पण ज्यांना अक्षर येत नाही त्यांना दर वळणावर कुणाला तरी विचारावं लागायचं आणि कधी कधी ओरडा खावा लागायचा. आत्ता एक म्हातारे बाबा चिठ्ठी घेऊन उभे आहेत. सफाईच्या मावशी झाडू न थांबवता सांगतात, "मुंग्या धरून जा, बाबा." ते भिंतीला हात लावत, मुंग्यांच्या बरोबरीनं चालत जातात आणि खिडकीपाशी पोचतात.

पैशांचं बोलणं साडेचारला होतं, सगळ्यांसमोर. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून हे काम होतंय. सुरुवातीला कुणीतरी सुचवलं होतं, शाळेतल्या मुलांची चित्रकला स्पर्धा घेऊ, फुकटात भिंती रंगतील. डॉक्टर मॅडमनी ते बाजूला ठेवलं. इलेक्ट्रिशियनला आपण स्पर्धेतून बोलवत नाही, असं त्या बैठकीत म्हणाल्याचं सिस्टर सांगतात. काकींना चौरस फुटाच्या दरानं पैसे मिळतात, भाच्याचे वेगळे, फळ्यांचे वेगळे, आणि पुढच्या वर्षी डागडुजीला यायचे आत्ताच लिहून ठेवलेत. भिंत रोज पुसली जाणार, तर रंग झिजणार; त्याचा हिशेब आधीच हवा.

मला वाटतं, सरकारी रुग्णालयाच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात फरशी आणि वायरिंगच्या ओळींखाली ही एक ओळ कायमची असावी. सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रकथी काढतात, त्यांना तिथल्या भिंती मिळाव्यात. ज्या गावचा रुग्ण, त्या गावचा हात. गरीब माणूस रुग्णालयात येतो तेव्हा भाषा, कपडे, कागद, सगळ्यांपुढं तो दबलेला असतो. त्याच्या घरची रेघ तिथं मानानं आणि मोल देऊन आलेली दिसली, तर ही जागा आपलीही आहे, एवढं तरी त्याला पटावं. उपचार पुरे होईपर्यंत थांबायला याचं बळ लागतं.

पाच वाजता डॉक्टर मॅडम पुढच्या भिंतीचा विषय काढतात: प्रसूती कक्षाबाहेरचा बोळ. काकी काडी धुता धुता विचारतात, तिथं बाया बसतात की निजतात?

"चालतात," सिस्टर म्हणतात. "कळा सुरू झाल्या की फेऱ्या मारतात, तासन् तास. भिंतीला हात टेकत."

"मग चित्र हाताच्या उंचीला पाहिजे. आणि चालतं पाहिजे." काकी कुंचल्याच्या काड्या फडक्यात गुंडाळतात. "उद्या आधी त्या बायांशी बोलते, मॅडम. मग भाव सांगते."