महायुद्धाचा लोहमार्ग

पहिल्या महायुद्धाची कारणमीमांसा आपली पाठ्यपुस्तके २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत झालेल्या खुनापासून सुरू करतात. परंतु गाव्ह्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्यानंतर पुरता महिनाभर युरोपात युद्ध पेटले नव्हते, आणि त्या महिन्यात दरबारांच्या दप्तरखान्यांतून काय काय हिंडले हे पाहिल्यावाचून त्या अनर्थाचा उलगडा होत नाही. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी पत्करल्या असतानाही २८ जुलैला युद्ध पुकारले गेले. ३० जुलैला रशियाच्या झारने सार्वत्रिक सैन्यजमवाजमवीच्या हुकमावर सही केली, आणि तेथून पुढे मुत्सद्द्यांची मसलत मागे पडून आगगाड्यांचे वेळापत्रक राज्य करू लागले.

१ ऑगस्टच्या सायंकाळचा बर्लिनच्या राजवाड्यातील प्रसंग मला या सर्व इतिहासाचा गाभा वाटतो. फ्रान्स तटस्थ राहील अशी आशा लावणारी तार लंडनमधील जर्मन वकिलाकडून आली, तेव्हा हर्षभरित झालेल्या जर्मन सम्राट कैसरने सर्व फौज एकट्या रशियावर वळवावी असे सेनापती मोल्टके यास फर्माविले. त्यावर, लक्षावधी सैनिकांची, त्यांच्या घोड्यांची व रसदेची वर्षभर खपून बसवलेली मांडणी एका रात्रीत फिरविता येत नाही, असे मोल्टकेने डोळ्यांत पाणी येण्याच्या बेताला येऊन सांगितले. तार गैरसमजुतीची ठरली व प्रश्न तेथेच मिटला. पण जर्मन रेल्वे-विभागातील जनरल श्टाब याने पुढे ग्रंथ लिहून, गाड्या पूर्वेकडे खचित वळविता आल्या असत्या, असे साधार प्रतिपादिले. महायुद्ध अटळ होते असे म्हणणाऱ्या विद्वानांशी माझे पटत नाही, ते याचमुळे.

याच न्यायाने बर्लिन-बगदाद लोहमार्गाच्या स्पर्धेला मुख्य कारण मानणेही मला रास्त वाटत नाही. कारण त्या मार्गाविषयी इंग्रज व जर्मन प्रतिनिधींनी समझोत्याच्या मसुद्यावर जून १९१४मध्ये, खुनाच्या अवघ्या तेरा दिवस आधी, आद्याक्षरे केली होती. तंटा मिटला होता. मार्ग मात्र अपुरा राहिला, आणि त्याची उरलेली किंमत कोणी भरली हे आपण जाणले पाहिजे.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत जनरल टाउनशेंडच्या हाताखाली गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते, व तीत मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत कूत-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात ही फौज उपाशी राहिली. घोड्याच्या मांसाला कित्येक हिंदी शिपाई अखेरपर्यंत राजी झाले नाहीत. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसे शत्रूच्या हाती पडली, त्यांतील बहुतेक वाळवंटातून पायी हाकली गेली, आणि त्यांतील पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन येथे त्याच बगदाद लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. साराजेव्होच्या खुनानंतरच्या सदतीस दिवसांत युद्धात पडलेल्या राष्ट्रांपैकी एकाचीही भाषा त्यांतील बहुतेकांना येत नव्हती.

तिकडे जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन व तुर्की ही चार साम्राज्ये लयाला गेली. २८ जून १९१९ रोजी, खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्सायच्या तहनाम्यावर सह्या झाल्या. त्याच्या २३१व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व त्याच्या मित्रांवर ठेवली आणि १९२१मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी ठरली. त्या कलमाची जखम कोठवर चिघळली, हे या पिढीला सांगावे लागत नाही.

सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत त्या काळी सरकारने बसविलेली दगडी पाटी आढळते. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढाच तिच्यावर मजकूर. नाव एकही नाही. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर तरी नावे असतील म्हणावे, तर तेथेही इंग्रज शिपायाचे नाव कोरलेले आणि सामान्य हिंदी शिपाई पलटणीच्या खाली केवळ संख्येने मोजलेला.