मानेतले जाते

मागच्या बाकावर कोण बोलले हे पाहण्यासाठी तुम्ही मान वळवता. मानेत मणके सात. पण त्या वळण्यातले जवळजवळ निम्मे काम वरचे दोनच मणके करतात. ते कसे?

घरातले जाते आठवा. खालच्या तळीत मधोमध उभा खिळा असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर असाच हाडाचा एक सुळका असतो. पहिला मणका कड्यासारखा. तो डोक्याचा भार घेऊन या सुळक्याभोवती फिरतो. सुळका जागेवर राहावा म्हणून त्याच्या मागून एक चिवट अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. त्याच्याही मागून मज्जारज्जू जातो.

काही मुलांत हा अस्थिबंध जन्मतः सैल असतो, तर काहींत अपघाताने तुटतो. मग मान वाकवताच कडे पुढे सरकते. सुळका आणि कडे यांतील फट 5 मिलिमीटरपेक्षा जास्त झाली, की डॉक्टर सावध होतात. कारण मज्जारज्जू चिमटला तर हातपाय लुळे पडतात, श्वासही धोक्यात येतो.

पूर्वी हे दोन मणके मागून तारेने बांधत. पण तारेने ओढता येते, ढकलता येत नाही! शिवाय ती भाराच्या जागेपासून दूर. म्हणून बांधणी ढिली पडण्याची भीती असे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून निराळी पद्धत वापरली. दोन्ही मणक्यांच्या ज्या जाड बाजूंतून डोक्याचा भार खाली उतरतो, तिथेच स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायचे. सांध्यात हाडाचे तुकडे भरायचे. काही महिन्यांत ते जुळून येतात. धातूचा आधार तोवरचा, हाडाचा कायमचा. ही पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर पसरली.

मुलांची हाडे लहान, आणि शेजारूनच मेंदूकडे जाणारी रोहिणी. म्हणून आधी सीटी स्कॅनवर मोजमाप घेतात. जुळलेला सांधा मात्र पुन्हा फिरत नाही. मान बरीच कमी वळते. म्हणूनच गरज असेल तरच शस्त्रक्रिया करतात.

एक लक्षात ठेवा. केस कापताना कोणाला मान मोडू देऊ नका. मित्र झाडावरून पडला, तर त्याला ओढून बसवू नका. मान हलू न देता 108 ला फोन करा.