न दिसणारे शुल्क आणि गुंतवणूकदाराचा कौल

जयपूरच्या मुरलीपुरा भागातून वितरकामार्फत म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणाऱ्याला फंडाच्या शुल्काची वेगळी पावती कधीच मिळत नाही. व्यवस्थापनाचा आणि वितरकाच्या दलालीचा खर्च योजनेच्या मालमत्तेतून दररोज वळता होतो. ‘एनएव्ही’ जाहीर होते ती हा खर्च वजा जाऊनच. खिशातून जाताना न दिसणाऱ्या या पैशाचा गुंतवणूकदाराच्या निवडीवर काय परिणाम होतो, याची जणू चाचणीच भारतीय बाजारात होऊन गेली आहे.

त्या काळी सव्वादोन टक्के ‘एंट्री लोड’ आकारल्यास शंभरातील ९७ रुपये ७५ पैसेच गुंतत. हे शुल्क पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरे. एप्रिल २००६ मध्ये ‘सेबी’ने खुल्या योजनांना विक्रीखर्च केवळ या मार्गानेच वसूल करण्याचे बंधन घातले. मुदतबंद योजनांना मात्र सहा टक्क्यांपर्यंतचा प्रारंभिक खर्च मुदतभर थोडाथोडा वळता करण्याची मुभा राहिली. जानेवारी २००८ मध्ये ही वाट बंद झाली. मधल्या २२ महिन्यांत ४५ मुदतबंद योजना निघाल्या आणि त्यांनी सुमारे ७६० कोटी डॉलर गोळा केले. त्याआधीच्या ६६ महिन्यांत अशा योजना निघाल्या होत्या अवघ्या दोन. संतोष अनागोल आणि ह्यू किम यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला.

याचा सगळा दोष गुंतवणूकदाराच्या माथी मारणे योग्य नव्हे. पुष्कळदा योजना निवडतो तो ती सुचवणारा, आणि त्याची नजर दलालीवर असू शकते. १ ऑगस्ट २००९ पासून ‘एंट्री लोड’ रद्द झाले, तेव्हा अनेक विक्रेते अधिक दलाली देणाऱ्या ‘युलिप’कडे वळले.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला ‘डायरेक्ट’ पर्याय देणे बंधनकारक झाले. समभाग तेच, व्यवस्थापकही तोच. फक्त वितरकाची दलाली नाही. एक लाख रुपये २० वर्षे दरसाल १२ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ९ लाख ६५ हजार होतात. एक टक्का खर्चात गेला, तर सुमारे ८ लाख ६ हजार. बाजार कोसळल्यावर घाबरून पैसे काढण्यापासून परावृत्त करणारा वितरक या फरकाचे मोल भरून काढूही शकतो. ‘रेग्युलर’ योजनेत आपल्या वितरकाला किती दलाली मिळाली, हे २०१६ पासून सहामाही एकत्रित खातेपत्रकात नमूद करावे लागते.

मुरलीपुऱ्यातील गुंतवणूकदाराच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. आघाडीच्या ३० शहरांबाहेरून येणाऱ्या पैशासाठी फंडांना ०.३० टक्क्यापर्यंत जादा खर्च आकारता येत असे. जयपूर त्या तिसांत मोडते, त्यामुळे येथील गुंतवणुकीवर ही सवलत लागू नव्हती. तो जादा खर्च मात्र संपूर्ण योजनेच्या मालमत्तेतून वळता होई, म्हणजे त्यात जयपूरकरांचाही वाटा होता. १ मार्च २०२३ पासून ‘सेबी’ने ही तरतूद स्थगित केली.