चाळिशीनंतर एलएलबी: वय आडवं येत नाही, हजेरी येते

पालक सभा संपली की आमच्या उर्दू शाळेत दोन-तीन जण तरी प्लास्टिकची पिशवी घेऊन मागे थांबतात. पिशवीत कोर्टाची नोटीस, जुनं खरेदीखत, नाहीतर निकाहनामा. "सर, मराठीत आहे, जरा वाचून सांगा ना." मी वाचून सांगतो. पण "आता पुढे काय करायचं?" असं विचारलं की मी गप्प. मी शिक्षक, वकील नाही. त्या गप्प बसण्यातूनच चव्वेचाळिसाव्या वर्षी एलएलबीचं डोक्यात आलं.

चौकशीत जे कळलं ते इथे मांडतो. आपल्या समाजातले कितीतरी शिक्षक, कारकून, घर सांभाळणाऱ्या पदवीधर भगिनी हाच विचार करत असतात आणि अर्धवट माहितीवर पैसे घालवतात.

वयाची अट आहे का?

नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ मध्ये तीन वर्षांच्या एलएलबीसाठी ३० वर्षांची मर्यादा पुन्हा आणली होती. मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. आपल्या राज्याच्या सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही. सनदेचंही तसंच. वय ४५ पूर्ण झालेल्यांना सनद नाही, असा एक नियम होता. सुप्रीम कोर्टाने तो १९९५ मध्येच रद्द केला. म्हणजे रिटायर झाल्यावरही काळा कोट घालता येतो.

कोण पात्र?

कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. आपल्या ज्या बिरादऱ्या ओबीसीत आहेत त्यांनी जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद आधीच तयार ठेवावेत. प्रवेशाच्या दिवसांत धावपळ करून ते मिळत नाहीत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बारावी करून मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर हरकत नाही. पण बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठात जाऊन पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाने एलएलबीला प्रवेश मिळत नाही. लग्नानंतर अशा वाटेने बीए झालेल्या भगिनी आपल्यात आहेत. त्यांनी फॉर्म भरण्याआधीच हे तपासावं.

प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे विषय असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला ही परीक्षा जड नाही.

खरी अडचण हजेरीची

पत्राने किंवा दूरस्थ पद्धतीने केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. "घरबसल्या एलएलबी" अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा. कॉलेजात बसावंच लागतं. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आणि आठवड्याला किमान २४ तास लेक्चर. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. त्यामुळे नोकरी आटोपून रात्रीच्या कॉलेजात जाण्याचा जुना रस्ता आता नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी सांगितली आहे. विद्यार्थी नोकरी करत असेल तर ते जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्रही द्यायला सांगितलं आहे.

एका कॉलेजात मी गेलो तेव्हा टेबलामागचे गृहस्थ हसून म्हणाले, "सर, फी भरा. हजेरीचं आम्ही बघतो." मी उठलो. रोज सकाळी पन्नास मुलांची हजेरी मी स्वतः घेतो, आणि माझ्याच खोट्या हजेरीवर कायदा शिकायचा? शिवाय खोट्या कागदावर मिळवलेली डिग्री उद्या सनद मागताना अंगाशी येऊ शकते.

सरळ मार्ग मोजके आहेत. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज आणि दुपारची शाळा, किंवा संस्थेच्या लेखी परवानगीने बिनपगारी रजा. तोंडी "हो" वर विसंबू नका.

डिग्री मिळाली म्हणजे वकील झालो का?

नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीची फी खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं आहे.

आणि पूर्णवेळ पगाराची नोकरी करत वकिली करता येत नाही. दुसरा व्यवसायही चालत नाही. डॉ. हनिराज चुलानी यांनी डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागितली होती. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती नाकारणं योग्य ठरवलं. म्हणून आधी घरात बसून हिशोब करा: सनद घेतली की पगार बंद. सुरुवातीची दोन-चार वर्षं कमाई जेमतेम असते. मुलांची फी, घराचा हप्ता कोण भरणार? जज व्हायचं असेल तर मे २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षांची वकिली हवी, आणि तिथे वयोमर्यादाही आहे.

मग मी काय केलं?

दुपारच्या शिफ्टसाठी संस्थेकडे लेखी अर्ज दिला आहे. मंजूर झाला तर पुढच्या वर्षी सीईटी देईन, इन्शाअल्लाह. तोवर हात बांधून बसलेलो नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून नाव देता येतं. शिक्षकांना, निवृत्त शिक्षकांनाही ती संधी आहे आणि त्यासाठी डिग्री लागत नाही. मी अर्ज केला आहे.

ती माहिती काढताना आणखी एक गोष्ट कळली, जी खूप आधी माहीत असायला हवी होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच अर्ज करायचा.

गेल्या पालक सभेनंतर एक अम्मी पोटगीचे कागद घेऊन थांबल्या होत्या. या वेळी मी गप्प बसलो नाही. कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयाचा रस्ता कागदावर काढून दिला, सोबत कोणकोणत्या झेरॉक्स न्यायच्या तेही लिहिलं. एवढं तर आपल्यापैकी कोणीही आजच करू शकतो.