फेरेटचे अंगणातले घर

फेरेट हा युरोपातील पोलकॅट या रानटी मांसाहारी प्राण्यापासून माणसाळवलेला, लांबट देहाचा आणि आखूड पायांचा प्राणी असून ब्रिटनमध्ये तो आजही अनेक घरांच्या परसात, लाकडी खुराड्यात किंवा जाळीच्या आवारात पाळला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो मुस्टेलिडी कुळात मोडतो. कोकणातल्या खाड्यांत दिसणारे पाणमांजर याच कुळातले आहे, तर फेरेटशी वरकरणी साम्य असलेले मुंगूस मात्र निराळ्या कुळातले आहे. नर साधारण एक ते दोन किलो वजनाचा असतो, मादी त्याहून बरीच लहान असते आणि दोघेही दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपण्यात घालवतात. या देहाची घडण बिळात शिरण्यासाठी झालेली असल्यामुळे अंधारी, कोरडी व अरुंद जागा त्याला सुरक्षित वाटते आणि जागेपणीचा थोडा काळ तो धावण्यात, उकरण्यात व प्रत्येक फट हुंगून पाहण्यात घालवतो. त्याच्या घराच्या बांधणीतील जवळपास प्रत्येक निर्णय या दोन गरजांतून निघतो.

फेरेट माणसाजवळ आला तो शिकारीच्या निमित्ताने. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनच्या परिसरातील सशांच्या उपद्रवाचे वर्णन करताना, तोंडाला मुसके बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या प्राण्यांचा उल्लेख केला आहे आणि ते प्राणी फेरेटच असावेत असे अभ्यासक सामान्यतः मानतात. ब्रिटनमध्येही सशाच्या बिळांच्या तोंडांवर जाळी लावून फेरेटला आत सोडण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली. अशा कामाच्या प्राण्याला घरात ठेवण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून परसातील निवाऱ्याचे दोन प्रकार रूढ झाले. पहिला प्रकार म्हणजे जमिनीपासून उंचावर, पायांवर उभे केलेले छोटे खुराडे, ज्याला तिथे ‘हच’ म्हणतात. दुसरा म्हणजे माणसाला आत जाता येईल असे जाळीचे मोठे आवार, ज्याला फेरेट पाळणारे ‘कोर्ट’ म्हणतात. खुराडे स्वस्त पडत असले तरी त्यात हालचालीला वाव नसतो, त्यामुळे रोज बराच वेळ बाहेर मोकळे सोडण्याची तयारी नसेल तर कोर्टच बांधणे योग्य ठरते.

जागा निवडताना थंडीची जितकी काळजी केली जाते तितकी उन्हाची केली जात नाही, आणि नेमकी तिथे चूक होते. हिवाळ्यात फेरेटची लव दाट होते, त्यामुळे कोरडे अंथरूण मिळाल्यास ब्रिटनमधील कडाक्याची थंडी तो सहज काढतो, पण ओल आणि सरळ अंगावर येणारा वारा त्याला सोसत नाही. घामाच्या ग्रंथी नगण्य असल्यामुळे शरीरातील उष्णता बाहेर टाकणे त्याला कठीण जाते आणि तापमान साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका उभा राहतो. म्हणून दुपारचे ऊन येणार नाही अशी, वाऱ्याच्या मुख्य दिशेला भिंत किंवा कुंपण असलेली आणि पाणी न साचणारी जागा पाहावी लागते. छप्पर उतरते करून त्यावर डांबरी फेल्ट अंथरतात, कारण नुसत्या पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी पेटल्यासारखे तापते.

पाया आणि भिंती यांचा विचार कैद्याच्या नजरेने करावा लागतो. फेरेट उकरण्यात तरबेज असल्याने मोकळ्या मातीवर आवार उभे करून चालत नाही. तळाशी काँक्रीट ओततात किंवा लाद्या बसवतात आणि धुतलेले पाणी निघून जावे म्हणून त्यांना किंचित उतार देतात. ज्या फटीतून डोके जाते तिच्यातून सारा देहही सरकतो, म्हणून कोंबड्यांसाठी वापरली जाणारी पातळ तारेची षटकोनी जाळी येथे कुचकामी ठरते. तिच्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेली, जाड तारेची वेल्डमेश जाळी लागते. तिची छिद्रे साधारण साडेबारा मिलिमीटरची असली की पिल्लेही निसटत नाहीत. जाळी लाकडी चौकटीच्या आतल्या बाजूने, पट्ट्या आणि स्क्रू यांनी आवळून बसवली की आतून रेटा दिला तरी ती उखडत नाही. लाकडाला लावायचे संरक्षक द्रव्य प्राण्यांना अपाय न करणारे निवडून ते पूर्ण वाळल्यावरच फेरेटला आत सोडावे.

आवाराची उंची सुमारे १.८ मीटर ठेवण्याचे कारण साफसफाई करणाऱ्या माणसाच्या सोयीत आहे. फेरेट जाळीवर भराभर वर चढतो, पण उतरण्याची कला त्याला तितकीशी साधत नाही, म्हणून उंच फळ्यांऐवजी कमी उंचीचे टप्पे आणि उतरत्या फळ्या द्याव्यात. दाराला दुहेरी रचना हवी. बाहेरचे दार लावून घेतल्यावरच आतले उघडायचे, म्हणजे माणसाच्या पायांमधून निसटलेला प्राणी मधल्या चौकटीतच अडकतो. कडीबरोबर कुलूपही आवश्यक असते.

कोर्टमधील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे झोपण्याची पेटी, कारण बिळाची जागा तीच घेते. जाड प्लायवूडची ही पेटी जमिनीपासून थोडी उचललेली असते, तिला सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचे एकच भोक असते, माथ्याजवळ हवा खेळण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि झाकण बिजागरीवर उघडते. आत एक आडवी फळी घालून दालन आणि छोटी ओसरी असे दोन भाग केले की भोकातून आलेला वारा थेट झोपलेल्या प्राण्यावर येत नाही. आत गव्हाचे किंवा बार्लीचे कोरडे काड भरतात. सुक्या गवताची धूळ आणि देवदार-पाइनच्या भुशातील उग्र तेले श्वसनमार्गाला त्रास देतात, म्हणून ती टाळतात. रबर किंवा फोमचा तुकडाही आवाक्यात राहू देऊ नये, कारण फेरेट तो चावून गिळतो आणि आतडे तुंबून जीव गमावू शकतो.

फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकते, त्यामुळे विष्ठा वारंवार होते, आणि ती करण्यासाठी तो पाठ मागे नेत कोपरा गाठतो. या सवयीचा फायदा घेऊन कोपऱ्यांत थाळ्या ठेवल्या की स्वच्छता निम्म्याने सोपी होते. दुसरी सवय उपद्रवी असते. उरलेले मांस तो अंथरुणात लपवून ठेवतो आणि उन्हाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात, म्हणून पेटीचे झाकण रोज उघडून पाहावे लागते. बाटलीतील पाणी हिवाळ्यात गोठते, तेव्हा तिच्या जोडीला जड भांडेही ठेवावे.

फेरेट समूहात रमतो, पण नर-मादी एकत्र ठेवताना प्रजननाचा विचार आधी करावा लागतो. वसंतात दिवस लांबू लागले की मादी माजावर येते आणि समागम न झाल्यास माज दीर्घकाळ टिकून राहतो. वाढलेल्या इस्ट्रोजेन संप्रेरकामुळे हाडांतील रक्तनिर्मिती मंदावून होणारा रक्तक्षय प्राणघातक ठरू शकतो, म्हणून नसबंदी केलेला नर, संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा त्वचेखाली बसवलेले रोपण यांपैकी एक मार्ग पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निवडावा लागतो. हे चक्र प्रकाशावर चालत असल्याने आवाराजवळ रात्रभर दिवा जळत ठेवू नये.

मजबूत कुंपणाची निकड न्यूझीलंडच्या इतिहासावरून कळते. युरोपीय वसाहतकारांनी नेलेल्या सशांचा सुळसुळाट रोखण्यासाठी १८८०च्या दशकात तिथे फेरेट सोडले गेले, पण ते किवीसारख्या जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांचे शत्रू ठरले आणि अखेर २००२ मध्ये त्यांची विक्री, वितरण व प्रजनन यांवर बंदी आली. ब्रिटनमध्ये पळालेला फेरेट रानटी पोलकॅटशी संकर करू शकतो.

इंग्लंड व वेल्समध्ये २००६च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार योग्य निवास, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनाला वाव, सोबतीची किंवा एकटेपणाची गरज आणि वेदना व रोग यांपासून संरक्षण ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. वरील रचना या पाचही गोष्टी बऱ्याच अंशी साधते, परंतु ती त्या थंड, दमट बेटाच्या हवामानासाठी घडलेली आहे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भात किंवा मराठवाड्यात असे आवार उभारल्यास सर्वोत्तम सावलीही फेरेटला वाचवू शकणार नाही, म्हणून तेथे हा प्राणी पाळायचाच झाला तर आधी हवा थंड ठेवता येईल अशा खोलीची सोय करावी लागेल.