मेंदूच्या वेशीवर सोन्याचे कण

प्राण्याच्या रक्तात ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग टोचला, की यकृत, मूत्रपिंडे, त्वचा सारे निळे व्हायचे. मेंदू मात्र कोराच राहायचा. जर्मन शल्यचिकित्सक एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा नेमके उलट घडले. मेंदू रंगला, बाकीचे शरीर नाही. १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचे कारण सापडले. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की मधून वाटच उरत नाही.

हा रक्त-मेंदू अडथळा जंतू आणि विषे रोखतो, तसाच औषधेही रोखतो. पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइन देऊन भागत नाही, अडथळा ओलांडू शकणारे लेव्होडोपा द्यावे लागते, ते यामुळेच. स्तनाच्या कर्करोगावर चालणारे पॅक्लिटॅक्सेल मेंदूतल्या गाठीपर्यंत पुरेसे पोचत नाही. मॅनिटॉलचे तीव्र द्रावण धमनीत सोडून अडथळा उघडता येतो. पण तो मोठ्या भागात उघडतो, आणि नको तेही आत शिरू शकते.

डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात झेनपेंग चिन यांच्या गटाने अधिक नेमका मार्ग शोधला. पेशींच्या सांध्यांवर जॅम-ए नावाचे प्रथिन असते. ते ओळखणारी प्रतिपिंडे सोन्याच्या नॅनोकणांवर चढवून ते कण उंदरांच्या शिरेत टोचले. कण सांध्यांवर जाऊन बसले. मग कवटीवरून लेसरचे स्पंद सोडले, तेही काही पिकोसेकंदांचे. सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोसेकंद. तेवढ्यात सोने प्रकाश शोषून तापते, प्रसरते आणि सांध्याला सूक्ष्म हिसका बसतो. उष्णता दूरवर पसरण्याआधीच स्पंद संपलेला असतो. सांधे सैल होतात आणि नंतर आपोआप पूर्ववत होतात. मधल्या काळात प्रतिपिंडे आणि जनुके वाहून नेणारे विषाणूही मेंदूत पोचले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसले. पुढे ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग झालेल्या उंदरांत याच तंत्राने पॅक्लिटॅक्सेल पोचवले, तेव्हा गाठींची वाढ मंदावली आणि उंदीर अधिक काळ जगले.

माणसाची कवटी जाड आहे आणि प्रकाश ऊतींत फार खोल जात नाही. त्यामुळे खोलवरच्या भागासाठी बारीक प्रकाशतंतू आत न्यावा लागेल. सोन्याचे कण शरीरात किती काळ राहतात, हेही तपासावे लागेल. तरीही ही दिशा सोडू नये. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला आज उपचारांनंतरही बहुधा दीड-दोन वर्षांहून अधिक आयुष्य मिळत नाही. त्याच्या मेंदूचे संरक्षण कायम ठेवून औषध फक्त गाठीपाशी उतरवता येणे, ही मोठी गोष्ट ठरेल.