सोंग कोणते, माणूस कोणता?

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचली गेली तेव्हा इंटरनेट नव्हते. आता दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला की तेही सोंग फुकटात वठते. पण मला या बढाईबद्दल बोलायचे नाही. फुशारकी पूर्वी लग्नाच्या पंगतीतही चालतच होती. मला पडलेले कोडे वेगळे आहे. समोर भेटला की मवाळ बोलणारा माणूस मोबाइलच्या पडद्यावर इतका कडवट कसा होतो? आणि या दोघांपैकी आपण ओळखतो तो कोण?

माझा एक शाळासोबती आहे. मैत्री चाळीस वर्षांची. माझी आई आजारी होती तेव्हा हा गृहस्थ पाच रात्री रुग्णालयात बसून होता. शेजारच्या खाटेवर एक परधर्मी म्हातारा होता, त्यालाही हाच उठवून पाणी पाजायचा. आज तोच मित्र आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच धर्माच्या लोकांबद्दल असे काही लिहितो, की वाचताना मान खाली जाते. त्या धर्माचा एक वर्गमित्र गेल्या वर्षी एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडून गेला. मित्राला विचारले तर तो हसतो. ‘‘अरे, ते नुसते पुढे ढकललेले असते. तू काय एवढे मनावर घेतोस?’’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली या प्रकाराची कारणे मांडली. नाव लपवता येते, आपण कुणाला दिसत नाही, उत्तर ताबडतोब ऐकावे लागत नाही, सगळे खेळातलेच वाटते, वडीलधाऱ्यांचा धाक उरत नाही, अशी ती कारणे. पण आमच्या ग्रुपवर तर प्रत्येकाचे नाव आहे, फोटो आहे, दहावीतले टोपणनावसुद्धा सगळ्यांना पाठ आहे. मग? इस्रायलमधल्या नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे एक उत्तर सापडते. अनोळखी माणसांना त्यांनी संगणकावरून वाद घालायला लावले. जीभ सैल सुटण्यामागे निनावीपणापेक्षा नजरेला नजर नसणे हे मोठे कारण निघाले. आपल्याकडे यालाच भीड म्हणतात. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की तोंडातला शब्द आपोआप मागे फिरतो. पडद्यावर चेहरा पडतच नाही.

मात्र भीड म्हणजे भिकेची बहीण, असेही आपलीच भाषा सांगते. माझ्या एका मामीने उभा जन्म स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड काढला. बैठकीत पुरुष बोलायचे, ती चहा आणून ठेवायची. आता सत्तरी ओलांडल्यावर ती कुटुंबाच्या ग्रुपवर लिहू लागली आहे. मॅट्रिकनंतर शिकायचे कसे राहून गेले, हे तिने तिथेच प्रथम लिहिले. मामांनाही ते तिथेच कळले! २००२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतही असेच दिसले होते. मनातला खरा ‘मी’ काही वेळा समोरासमोरच्या भेटीपेक्षा इंटरनेटवर अधिक सहज बाहेर येतो. म्हणजे मामीचे सोंग होते ते बैठकीतले.

मामीबद्दल हे पटकन मान्य करणारा मी, मित्राच्या बाबतीत मात्र ते मानायला तयार नव्हतो. तिचे लिहिलेले खरे आणि त्याचे लिहिलेले खोटे, हा कुठला न्याय? डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मायकल बँग पीटरसन यांनी अमेरिकन आणि डॅनिश नागरिकांच्या राजकीय वादांचा अभ्यास केला. २०२२ सालच्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की इंटरनेट भल्या माणसाला सहसा दुष्ट करत नाही. जे तिथे आक्रमक असतात ते बाहेरही तसेच असतात. फरक इतकाच, की तिथे त्यांचे बोलणे कितीतरी अधिक जणांपर्यंत पोचते. हे वाचून मला स्वस्थ बसवेना.

तरीही त्या पाच रात्री खोट्या ठरवायला माझे मन धजत नाही. माणूस एकसंध नसतो. घरात, कचेरीत, देवळात तो वेगवेगळा वागतो, हे एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच सविस्तर लिहून ठेवले आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे लावून सोंगे नाचतात. राक्षसाचा मुखवटा घालून नाचणारा सकाळी तो उतरवून ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. गावालाही ते ठाऊक असते. माझ्या मित्राच्या सोंगाला अशी सकाळच होत नाही. त्याने लिहिलेले दुसऱ्याच्या खिशात राहते, आणि वाचणाऱ्याने त्या पाच रात्री पाहिलेल्या नसतात.

म्हणून ग्रुपवर त्याला उत्तर देणे मी थांबवले आहे. ग्रुप सोडून गेलेल्या वर्गमित्राला आणि त्याला, दोघांनाही मी माझ्या घरी जेवायला बोलावले आहे. दोघेही ‘येतो’ म्हणालेत. जेवण झाल्यावर तो मजकूर त्याने स्वतःच्या तोंडाने, समोर बघून वाचावा, एवढेच मी सांगणार आहे. त्याला तो वाचता आला, तर माझ्या चाळीस वर्षांच्या मैत्रीचा मला नव्याने विचार करावा लागेल.